साधा शुक्रवार पकडा: मध्य पेन्सिल्व्हेनियात मातीवरच्या शर्यती कमी खर्चात कशा पाहाव्यात

अमेरिकेत डर्ट ट्रॅकची शर्यत पाहायची म्हटलं की बहुतेक जण आधी मोठ्या नावाची शर्यत शोधतात. तिथेच खिसा कापला जातो. वर्ल्ड ऑफ आउटलॉज ही स्प्रिंट कारची (डोक्यावर मोठा पंख असलेल्या हलक्या शर्यतीच्या गाड्यांची) मालिका १९७८ पासून देशभर फिरते. ती गावात आली की तिकीट महाग होतं, आसपासची मोटेलं भरतात आणि उशिरा पोचणाऱ्याला चिखल उडणारी खालची रांग मिळते. तोच ट्रॅक, त्याच जातीच्या गाड्या आणि त्यातले बरेच चांगले ड्रायव्हर साध्या आठवड्यात साधारण वीस डॉलरांच्या आसपास पाहायला मिळतात. शर्यतीही लवकर संपतात आणि पार्किंगमधून पंधरा-वीस मिनिटांत बाहेर पडता येतं. म्हणून पहिल्यांदा जाताना वेळापत्रकातली सगळ्यात साधी दिसणारी तारीख निवडा.

त्यासाठी मध्य पेन्सिल्व्हेनियाइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. ४१० स्प्रिंट कार, म्हणजे ४१० घन इंचांच्या इंजिनाच्या गाड्या, दर आठवड्याला धावतात असे भाग देशात मोजकेच आहेत. इथे मात्र हॅरिसबर्गच्या आजूबाजूला तासाभराच्या अंतरात असे ट्रॅक आहेत, आणि त्यांचे वार वेगवेगळे असल्यामुळे एका शुक्रवार-शनिवारमध्ये दोन ट्रॅक सहज होतात. इथल्या स्थानिक ड्रायव्हरांना सगळे ‘पॉसी’ म्हणतात. बाहेरून आलेल्या आउटलॉजना आपल्या मातीवर हरवणं हा त्यांचा जुना धंदा आहे. विल्यम्स ग्रोव्हवर शंभराहून जास्त शर्यती जिंकलेला लान्स डुवीझ याच मंडळींतला.

कोणता ट्रॅक, कोणता वार

विल्यम्स ग्रोव्ह स्पीडवे मेकॅनिक्सबर्गजवळ आहे. ट्रॅक अर्ध्या मैलाचा आणि १९३९ पासूनचा. वार शुक्रवार. सरळ पट्टे लांब असल्यामुळे गाड्या प्रचंड वेगात वळणावर येतात, आणि खरी मजा त्या वळणात शिरण्याच्या क्षणाची असते.

लिंकन स्पीडवे ॲबट्सटाउनला, गेटिसबर्ग आणि यॉर्क यांना जोडणाऱ्या रूट ३० च्या जवळ. हा लहान आहे, तीन-अष्टमांश मैलाचा. वार शनिवार. ट्रॅक लहान असल्यामुळे पुढचे लवकरच मागच्यांना गाठतात, गर्दीतून वाट काढावी लागते आणि ओव्हरटेकिंग भरपूर होतं. नवख्या प्रेक्षकाला एका नजरेत सगळा ट्रॅक दिसतो, हा आणखी एक फायदा.

पोर्ट रॉयल स्पीडवे हॅरिसबर्गच्या वायव्येला, ज्युनिआटा काउंटीच्या जत्रेच्या मैदानात आहे. अर्धा मैल, वार शनिवारच. म्हणजे लिंकन किंवा पोर्ट रॉयल, एकच निवडावा लागतो. पोर्ट रॉयल रुंद आणि वेगवान, आजूबाजूचा परिसरही देखणा. पण पहिल्या सहलीला लिंकन बरा: शुक्रवारच्या मुक्कामापासून जवळ आणि दिवसा करण्यासारखं बरंच काही वाटेवरच.

यॉर्क हेवनला बॅप्स मोटर स्पीडवेही आहे. नाव ऐकून मंदिर आठवलं तर आठवू दे, ते यॉर्कमधल्या गाड्यांच्या रंगाच्या व्यवसायाचं नाव आहे. तिथे ४१० च्या तारखा कमी असतात. जमली तर पाहा, पण सहल तिच्यावर बेतू नका.

तारीख ठरवताना वेळापत्रकातली ओळ नीट वाचा. त्या रात्री कोणता वर्ग धावणार ते तिथे लिहिलेलं असतं. ४१० स्प्रिंट दिसलं पाहिजे. लहान इंजिनाच्या ३५८ स्प्रिंट सोबत असतील तर उत्तम, कारण एका तिकिटात दोन जातीच्या गाड्या होतात. पण ‘स्पीडवे’ उघडा आहे एवढंच पाहून निघालात तर स्ट्रीट स्टॉक (साध्या गाड्यांवरून केलेल्या शर्यतीच्या गाड्या) किंवा लहान मायक्रो स्प्रिंटची रात्र निघू शकते. तीही वाईट नसते, पण तीन तास गाडी हाकून ज्यासाठी जायचं ती ही नव्हे.

हंगाम फेब्रुवारीच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत चालतो. लिंकन सगळ्यात आधी उघडतो, आणि तिथले भक्त कडाक्याच्या थंडीत ब्लँकेट पांघरून बसतातही. आपण मे, जूनची सुरुवात किंवा ऑगस्टचा उत्तरार्ध निवडावा. जुलैत संध्याकाळच्या वादळी पावसाचा धोका जास्त. मोटेलच्या दरांसाठी आणखी काही तारखा तपासाव्या लागतात. कार्लाइलला वर्षातून अनेकदा जुन्या आणि खास गाड्यांचे मेळे भरतात, हर्शीला ऑक्टोबरच्या सुरुवातीला जुन्या गाड्यांचा प्रचंड मेळा असतो, आणि गेटिसबर्गला जुलैचे पहिले तीन दिवस १८६३ च्या लढाईच्या वर्षदिनाची गर्दी असते. या दिवसांत खोलीचा भाडेदर पाहून शर्यतीचा विचारच सोडून द्यावासा वाटतो. पोर्ट रॉयलला जाणार असाल तर शरद ऋतूतल्या शनिवारी पेन स्टेट विद्यापीठाचा घरचा फुटबॉल सामना आहे का तेही पाहा. रूट ३२२ वर त्याची सगळी रहदारी असते.

पावसाचं गणित

या सहलीत पैसे बुडतात ते पावसात. संध्याकाळी आकाश निरभ्र असलं तरी दुपारच्या पावसामुळे शर्यत रद्द होते, आणि त्याचा अचंबा नवख्यांना दरवेळी वाटतो. ट्रॅकवरची माती चिकण असते. कर्मचारी टँकरने तिच्यावर स्वतःच भरपूर पाणी मारतात, पण ते मोजून, थरावर थर, आणि मग रोलर फिरवून. पावसाचं पाणी हवं तिथे आणि हवं तेवढं पडत नाही. वरचा थर साबणासारखा निसरडा होतो, खालचा मऊ राहतो, आणि गाड्या फिरल्या की खड्डे पडतात. शिवाय पिट (गाड्या तयार करण्याची जागा) आणि पार्किंग बरंचसं गवतावर किंवा कच्च्या जमिनीवर असतं. ट्रॅक वाळला तरी मोठमोठे ट्रेलर तिथे रुततात.

म्हणून क्रम असा ठेवा. मोटेलचं बुकिंग फुकट रद्द करता येईल असंच घ्या, चार-पाच डॉलर जास्त पडले तरी. साध्या शर्यतीचं तिकीट आगाऊ काढू नका, खिडकीवर मिळतं. निघायच्या दिवशी सकाळी आणि पुन्हा दुपारी ट्रॅकचं फेसबुक पान पाहा. रद्द झाल्याची बातमी तिथे सगळ्यात आधी येते, वेबसाइटवर बऱ्याचदा नंतर. हवामानाच्या ॲपमधल्या टक्केवारीपेक्षा रडारचं चित्र पाहा. सरी सकाळी उरकून दुपारी ऊन आणि वारा असेल तर शर्यत होण्याची शक्यता चांगली. कधी कधी ट्रॅक थोडा ओला असला की गाड्या आणि ट्रक हळूहळू फिरवून माती दाबून घेतात. त्यात तासभर जातो, पण काम होतं.

शर्यती सुरू झाल्यावर पाऊस आला तर बहुतेक ठिकाणी पैसे परत मिळत नाहीत, पुन्हा येण्याची चिठ्ठी मिळते. ती तिकिटाच्या तुकड्यावरच अवलंबून असते, म्हणून तुकडा टाकू नका. किती शर्यती झाल्यावर रात्र ‘पूर्ण’ धरायची याचा नियम प्रत्येक ट्रॅकचा वेगळा, आणि तो तिकिटामागे किंवा वेबसाइटवर लिहिलेला असतो. लांबून येणाऱ्याला अशा चिठ्ठीचा फारसा उपयोग नसतो. आकाश अगदीच संशयास्पद असेल तर घरीच थांबणं स्वस्त पडतं.

जायचं कसं, राहायचं कुठे

गाडीशिवाय हे जमत नाही. फिलाडेल्फियाहून हॅरिसबर्गपर्यंत ॲमट्रॅक आहे, पण पुढे रात्री अकराला ट्रॅकवरून परतायला काही नाही, आणि गावाकडे त्या वेळी उबर मिळेलच असं नाही.

न्यू जर्सीकडून येताना आय-७८, मग आय-८१ घेऊन हॅरिसबर्ग. पेन्सिल्व्हेनियात शिरताना डेलावेअर नदीच्या पुलाचा टोल तेवढा लागतो, पुढचा रस्ता फुकट. एडिसनच्या बाजूने तीन तास धरा, पण शुक्रवारी दुपारी ॲलनटाउनजवळ ट्रकांची रांग लागते, म्हणून अर्धा-पाऊण तास हातात ठेवा. एकच्या सुमारास निघालात तर चालतं, तीनला निघालात तर पहिल्या हीट, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या शर्यती, चुकतात. फिलाडेल्फियाकडून टर्नपाइक सरळ पडतो, पण टोल बराच आहे, आणि ई-झीपास (टोल आपोआप भरणारं यंत्र) नसेल तर नंबरप्लेटवरून आकारलेलं बिल बरंच जास्त येतं. वॉशिंग्टनकडून येणाऱ्यांना रूट १५ सोपा: गेटिसबर्गवरून सरळ मेकॅनिक्सबर्गच्या बाजूला.

शुक्रवारची खोली मेकॅनिक्सबर्ग, कॅम्प हिल किंवा कार्लाइलला बघा. महामार्गालगतची साधी मोटेलं गर्दी नसलेल्या आठवड्यात साधारण ७० ते १०० डॉलरांत मिळतात, वर कर. शर्यत दहा-साडेदहाला संपते, कधी अकराला. लहान मोटेलचं ऑफिस त्याआधीच बंद होतं. शक्य असेल तर आधी चेक-इन करून मगच ट्रॅकवर जा, नाहीतर दुपारी फोन करून उशिरा येणार असल्याचं सांगून ठेवा. शनिवारीही राहायचं असेल तर हॅनोव्हर किंवा यॉर्क. गेटिसबर्ग पर्यटकांचं गाव, तिथे तीच खोली महाग.

सामान

कान आधी. स्प्रिंट कारना सायलेन्सर नावापुरता, आणि वीस-बावीस गाड्या एकदम निघाल्या की आवाज छातीत जाणवतो. फोमचे इअरप्लग दोन-तीन डॉलरांत मिळतात, पण ते नुसते कानाच्या तोंडाशी ठेवले तर काही उपयोग होत नाही. बोटांत वळून बारीक सळईसारखे करा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत तीसेक सेकंद बोटाने धरून ठेवा. नीट बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा येतो. मुलांना प्लग टिकत नाहीत, त्यांना कानावर चढवायचे मफ घ्या आणि घरी एकदा तासभर घालायला लावून बघा. तान्ह्या बाळाला नेऊच नका.

मग डोळे. हार्डवेअरच्या दुकानातला पारदर्शक सुरक्षा चष्मा पुरेसा आहे. गॉगल रात्री निरुपयोगी. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या रात्री चष्माच घाला, मातीचा कण लेन्सखाली गेला की पुढची शर्यत डोळे चोळण्यात जाते.

कपडे गडद, बूट बंद. मेमध्येही रात्री नऊनंतर गारवा येतो आणि ॲल्युमिनियमचे बाक खालून थंड करतात, म्हणून जाड उशी किंवा घडी केलेली सतरंजी हवी. ओले टिश्यू आणि एखादा जुना टॉवेल. रोख पैसे, त्यातही एक आणि पाच डॉलरच्या नोटा. ट्रॅकवरच्या एटीएमला शुल्क असतं, आणि रांगेत उभे असताना तुमची आवडती हीट निघून जाते.

खाण्याचं म्हणाल तर फ्राइज, प्रेट्झेल, नाचो, पिझ्झा एवढंच शाकाहारी मिळतं, आणि फ्राइज कोणत्या तेलात तळल्या ते विचारावं लागतं. बऱ्याच ट्रॅकवर लहान कूलर आत नेता येतो, काचेची बाटली नाही. नियम आदल्या दिवशी वाचा. मेथीचे पराठे किंवा दशम्या घरून नेल्या तर दोघांचे वीस-तीस डॉलर वाचतात आणि मातीचा मारा चालू असताना उघड्या नाचोपेक्षा गुंडाळून खाता येणारा पराठा कितीतरी सोयीचा.

कुठे बसायचं

गाड्या नेहमी डावीकडे वळत, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने धावतात. मुख्य स्टँडवरून पाहताना त्या डावीकडून उजवीकडे जातात. उजव्या हाताला पहिलं वळण, डाव्या हाताला चौथं. सगळ्यात फुकट जाणारी जागा म्हणजे कुंपणाला चिकटून खालची रांग. टीव्हीवर ती भारी वाटते, प्रत्यक्षात मातीची ढेकळं तोंडावर येतात आणि मागचा पट्टा दिसत नाही. स्टँडच्या वरच्या एक-तृतीयांश भागात बसा. तिथून चौथ्या वळणातून गाड्या बाहेर पडताना आणि पहिल्या वळणात शिरताना, दोन्ही दिसतं.

वाऱ्याची दिशा आल्याबरोबर बघा. खांबावरचे झेंडे कुठे फडकतात त्यावरून कळतं. सुरुवातीला माती ओली असते तेव्हा ढेकळं वळणांच्या बाहेरच्या बाजूला उडतात, रात्र चढली की माती सुकते आणि धुरळा वाऱ्याबरोबर एका बाजूला जातो. त्या बाजूला बसलात तर शेवटची मोठी शर्यत धुक्यातून पाहिल्यासारखी होते. सूर्याचंही तसंच. निघण्यापूर्वी उपग्रह नकाशावर स्टँडचं तोंड कुठे आहे ते पाहून ठेवा. पश्चिमेला असेल तर पहिला तासभर ऊन थेट डोळ्यांत येतं आणि टोपी लागते.

बाकांवर ब्लँकेटं अंथरलेली दिसली तर ती रिकामी जागा समजू नका. इथली ती रीत आहे, लोक दुपारीच येऊन जागा धरतात. ब्लँकेट सरकवणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. दरवाजे उघडल्यावर लवकर पोचलात तर तुम्हीही सतरंजी टाकून निवांत फिरू शकता.

रात्र कशी उलगडते

आधी गाड्या हळू फिरून ट्रॅक दाबतात, मग सरावाच्या फेऱ्या होतात. स्प्रिंट कारना स्टार्टर नसतो, क्लच नसतो, गिअरबॉक्सही नसतो. मागून पुश ट्रक ढकलत नेतो, गाडीने वेग घेतला की ड्रायव्हर इंजिन पेटवतो. यामुळे एक गोष्ट समजते: एखादी गाडी गरकन फिरून ट्रॅकवर बंद पडली की ती स्वतःहून निघू शकत नाही, म्हणून शर्यत मंदावणारा पिवळा झेंडा अटळ. खूप पिवळे झेंडे लागले तर कंटाळू नका, त्यामागे यंत्राची रचना आहे.

गाडीचं वजन साधारण मारुती ८०० एवढं, इंजिन ४१० घन इंचाचं, ताकद ९०० हॉर्सपॉवरच्या आसपास. इंधन मिथेनॉल. त्याचा वास उग्र असतो, आणि त्याची आग दिवसाउजेडी दिसत नाही. म्हणून पिटमध्ये एखादा ड्रायव्हर काही दिसत नसताना उड्या मारत अंगावर पाणी ओतून घेत असेल तर हसू नका. वरचा पंख पाच फूट बाय पाच फुटांचा. ड्रायव्हर तो शर्यत चालू असताना पुढे-मागे सरकवतो: मागे नेला की मागच्या चाकांवर दाब वाढतो आणि सुकलेल्या मातीवर पकड मिळते. संध्याकाळभर हा पंख कुठे आहे ते पाहत राहा. ट्रॅक कसा बदलतोय ते त्यावरून कळतं. उजवं मागचं चाक डाव्यापेक्षा ठळकपणे मोठं असतं. त्यामुळे गाडी आपोआप डावीकडे ओढली जाते, आणि वळणात स्टिअरिंग उलटं, उजवीकडे धरलेलं दिसतं.

सरावानंतर हीट, म्हणजे दहाएक फेऱ्यांच्या छोट्या शर्यती. त्यातले पहिले काही थेट अंतिम शर्यतीत जातात, उरलेले आणखी एक संधीची शर्यत धावतात. शेवटी फीचर, म्हणजे ती अंतिम शर्यत. मध्य पेन्सिल्व्हेनियातल्या साध्या रात्रीचं फीचर साधारण २५ फेऱ्यांचं असतं. अर्ध्या मैलावर एक फेरी सतरा-अठरा सेकंदांची, म्हणजे हिरव्या झेंड्याखालची मूळ शर्यत आठ मिनिटांहून कमी. या आठ मिनिटांसाठी आलोय हे लक्षात ठेवून बाकीचं बेता. शौचालय आणि खाण्याची रांग मध्यंतरात सगळ्यात लांब असते. सोबतच्या दुसऱ्या वर्गाच्या हीटच्या वेळी जाऊन या.

सुरुवातीची क्रमवारी पाहून गोंधळ होतो, कारण वेगवान ड्रायव्हर बऱ्याचदा मागे असतात. ही शिक्षा नव्हे, मुद्दाम केलेली रचना आहे, म्हणजे त्यांना पुढे येण्यासाठी लढावं लागतं. म्हणून सगळ्यांत पुढच्या गाडीकडे पाहू नका. आठव्या-दहाव्या जागेवरून निघालेली एखादी गाडी निवडा आणि पंखावरचा तिचा आकडा धरून बसा.

तिची रेषा पाहा. संध्याकाळभर गाड्यांनी बाहेर फेकलेली सैल, ओलसर माती भिंतीच्या बाजूला उंचवट्यासारखी साचते. तिला कुशन म्हणतात. खालची रेषा जवळची पण गुळगुळीत, काळसर चकाकणारी. कुशनची रेषा लांबची पण पकड देणारी. उजवं मागचं चाक त्या उंचवट्याला टेकवून गाडी वळणभर गॅसवर ठेवायची, हे कौशल्य. चाक एक हात वर गेलं की गाडी उलटते किंवा भिंतीला लागते. फीचरच्या मध्यावर कुशन भिंतीपर्यंत सरकलेलं असतं आणि तिथे धावायला तीन-चार जणच धजावतात. रात्र जिंकणारा बहुधा त्यांच्यातलाच.

दुसरी पाहण्याची गोष्ट स्लाइड जॉब. मागची गाडी वळणात शिरताना आतून सूर मारते, घसरत वर येते आणि पुढच्याच्या नाकासमोर येते. पुढचा हुशार असेल तर तो तेवढ्यात खाली कट मारून बाहेर पडताना जागा परत घेतो. हे घडतं दीड सेकंदात. दोन गाड्या वळणात शिरताना वरखाली दिसल्या की बाकी सगळं सोडून तिकडे बघा.

लाल झेंड्याला सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबतात, बहुतेकदा कोणीतरी उलटल्यावर. ड्रायव्हर बाहेर येऊन उभा राहिला की लोक टाळ्या वाजवतात. रुग्णवाहिका कोणाला घेऊन बाहेर गेली तर दुसरी येईपर्यंत शर्यत सुरू होत नाही. त्यात अर्धा तास जाऊ शकतो. कोणाकडे स्कॅनर (रेडिओवरचं बोलणं ऐकायचं यंत्र) असेल तर ड्रायव्हरांना मिळणाऱ्या सूचना ऐकू येतात, त्यासाठी ४५४.००० मेगाहर्ट्झ लावून पाहतात. पहिल्या वेळी त्यावर पैसे घालू नका, निवेदक पुरेसं सांगतो.

पिट

पिट पास स्टँडच्या तिकिटापेक्षा बराच महाग, आणि सही करून जबाबदारी स्वतःवर घ्यावी लागते. मुलांसाठी पालकांची सही लागते. कमी खर्चाच्या सहलीत तो घेऊ नये, कारण बऱ्याच ट्रॅकवर शेवटच्या शर्यतीनंतर पिट स्टँडवाल्यांनाही उघडतात. आत गेल्यावर एग्झॉस्टजवळ हात नको, पंखाला टेकायचं नाही, आणि मेकॅनिक गाडीखाली असताना प्रश्न नकोत. ड्रायव्हर मात्र निवांत भेटतात, मुलांना सही देतात, कधी गाडीत बसवतातही. विचारायला लाजू नका. टी-शर्ट घ्यायचाच असेल तर तो इथे घ्या. पेन्सिल्व्हेनियात कपड्यांवर विक्रीकर नाही.

शनिवारचा दिवस

मेकॅनिक्सबर्गहून रूट १५ ने दक्षिणेला निघा. वाटेत यॉर्क स्प्रिंग्जला ईस्टर्न म्युझियम ऑफ मोटर रेसिंग आहे, जुन्या स्प्रिंट कार आणि मिजेट (त्याहून लहान शर्यतीच्या गाड्या) पाहण्यासाठी. उघडण्याचे दिवस आधी तपासा. पुढे गेटिसबर्ग. युद्धभूमीत शिरायला पैसे लागत नाहीत, फक्त संग्रहालयाला तिकीट आहे. चोवीस मैलांचा गाडीचा मार्ग नकाशावरून फुकट करता येतो, दोन-तीन तास पुरतात. तिथून रूट ३० ने पूर्वेला पंधराएक मैलांवर लिंकन. हा त्रिकोण असा जमतो की गाडी फारशी मागे वळवावी लागत नाही.

दोघांचा हिशोब

न्यू जर्सीहून जाऊन येऊन आणि इकडचं तिकडचं धरून चारशे मैल. गॅलनला तीस मैल देणारी गाडी असेल तर तेरा-चौदा गॅलन, म्हणजे पंचेचाळीस-पन्नास डॉलर. दोन रात्रींची चार तिकिटं साधारण ऐंशी. एक रात्र मोटेल करासह शंभर. खाणं, घरचे डबे धरून, चाळीस. टोल आणि किरकोळ वीस. तीनशेच्या आत बसतं. दुसऱ्या रात्रीची खोली घेतली तर चारशे. इथे काटकसर करायची की नाही हे गाडी चालवणाऱ्याने ठरवावं: लिंकनहून अकराला निघून दोनला घरी पोचायचं तर दुपारी तासभर झोप झालेली हवी आणि बिअर अजिबात नको. एकच ड्रायव्हर असेल तर आमचं मत खोली घ्यावी असंच. आणखी कमी करायचं असेल तर शुक्रवार सोडून फक्त शनिवार करा, दोन दिवसांची ओढाताण करून पैसे वाचवण्यापेक्षा ते बरं.

रात्री परतताना गावाकडच्या रस्त्यांवर हरणं येतात, एक ओलांडलं की मागे दुसरं असतंच. पोर्ट रॉयलच्या बाजूला ॲमिश लोकांच्या घोडागाड्याही असतात, मागचा दिवा मिणमिणता. आणि निघण्यापूर्वी विंडशील्डवर बसलेला मातीचा पातळ थर वायपरने कोरडाच पुसू नका, काचेवर ओरखडे उठतात. आधी बाटलीभर पाणी ओता, मग वायपर.